साक्ष आणि तळटीप

१

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती. विषय चंद्रपूर जिल्ह्यातील धर्मांतरानंतरच्या चळवळीचा. मुलगी भूमिहीन शेतमजुराच्या घरातली, घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. पाच वर्षे तिने एस.टी.ने खेडोपाडी हिंडून माणसे गाठली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळता चाळता एका पानावर बोट ठेवले. तेथे केळुसकर गुरुजींनी लहान भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिल्याचा प्रसंग होता. त्याखाली तळटीप होती : 'द बुद्ध अँड हिज धम्म', १९५७, प्रस्तावना.

"ही आवृत्ती तुम्ही पाहिली आहे?" परीक्षकांनी विचारले.

ती म्हणाली, "नाही, सर."

"मी पाहिली आहे. तिच्यात ही प्रस्तावना नाही."

खोलीत शांतता पसरली. परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तुमच्या लोकांच्या लिखाणात तळमळ भरपूर असते. पुरावा मात्र मागू नये."

'तुमच्या लोकांच्या' या दोन शब्दांचा मला संताप आला. हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. पण त्या दिवशी मी उत्तर देऊ शकलो नाही. कारण ती तळटीप त्या मुलीची नव्हतीच, ती माझी होती. वर्गात मी वर्षानुवर्षे तोच संदर्भ सांगत आलो होतो, आणि मी तो एका जयंतीच्या स्मरणिकेतून उचलला होता. त्या स्मरणिकेच्या लेखकाने तो कोठून घेतला, हे मी कधी विचारले नव्हते. मूळ ग्रंथाची पहिली आवृत्ती मीही पाहिलेली नव्हती. गुरूने न पाहिलेल्या पानाची शिक्षा विद्यार्थिनीला झाली. तिला पदवी मिळाली, पण दुरुस्त्या करून, सहा महिने उशिरा. त्या सहा महिन्यांत मी जे शिकलो ते येथे मांडतो आहे. आपल्यापैकी जे शिकवतात, जे शिकतात आणि जे गावोगाव चळवळ चालवतात, त्या सर्वांचा या प्रश्नाशी संबंध आहे.

२

आधी त्या प्रस्तावनेचाच इतिहास पाहू.

'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे निघाला. त्यात आरंभी एक छोटे प्रास्ताविक आहे. बौद्ध धम्माचा विचार करताना कोणते चार प्रश्न सोडवावे लागतील, हे त्यात सांगितले आहे : सिद्धार्थाचा गृहत्याग, चार आर्यसत्ये, कर्म आणि पुनर्जन्म, आणि भिक्खूचे प्रयोजन. पण याखेरीज बाबासाहेबांनी १९५६ मध्ये एक स्वतंत्र प्रस्तावनाही लिहून ठेवली होती. आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे तिच्यात त्यांनी स्वतः सांगितले आहे. ती प्रस्तावना १९५७ च्या ग्रंथात आली नाही. भगवान दास यांनी ती बाबासाहेबांच्या दुर्मिळ प्रस्तावनांच्या इंग्रजी संग्रहात १९८० मध्ये छापली, तेव्हा ती सर्वसामान्य वाचकांच्या हाती पडली. म्हणजे मधली तेवीस वर्षे ग्रंथ लोकांच्या घरात होता, पण त्या ग्रंथाची जन्मकथा नव्हती.

या वगळण्यात काय गेले ते पाहा. त्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मान्य केले आहे. आजारपणात आपल्याला जगवण्याचा भार मुख्यतः या दोघांनी उचलला, असे त्यांनी नोंदवले आहे. १९५६ नंतर माईसाहेबांविषयी समाजात संशयाचे केवढे वादळ उठले होते, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. त्या वादळात खुद्द बाबासाहेबांची साक्ष लोकांसमोर नव्हती. एक प्रस्तावना न छापल्याने एका स्त्रीच्या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार गप्प राहिला. म्हणूनच कोणता मजकूर कोणत्या आवृत्तीत आहे आणि कोणत्या आवृत्तीत नाही, हा प्रश्न निव्वळ ग्रंथपालांनी चर्चा करावी एवढ्यापुरता नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म, १९५७, प्रस्तावना' असे लिहिताना आपण नकळत असे सांगत असतो की, ही साक्ष १९५७ पासून सर्वांपुढे होती. तो खोटा इतिहास होतो. माझ्या हातून तो वर्षानुवर्षे झाला.

आता तो केळुसकरांचा प्रसंग. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' १८९८ चे. चरित्रग्रंथ सांगतात की, भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराची सभा झाली. अध्यक्ष सी. के. बोले होते, आणि त्या सभेत केळुसकरांनी हे पुस्तक त्याला दिले. पण १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेब वेगळे सांगतात. त्यांच्या सांगण्यानुसार निमित्त इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे होते. वडील सभेला तयार नव्हते, केळुसकरांनी त्यांचे मन वळवले. सभेचे अध्यक्षही केळुसकरच होते.

दोन साक्षी आहेत. एक साक्ष प्रत्यक्ष त्या माणसाची, पण सुमारे पन्नास वर्षांनंतरची, आजारपणातली. दुसरी चरित्रकारांची, ज्यांनी माहिती गोळा करून लिहिले. कोणती खरी? आपल्याकडे अशा वेळी एक सोपी वाट काढली जाते. दोन्हींतले सोयीचे तपशील एकत्र करून एक तिसरीच गोष्ट तयार केली जाते. सभा मॅट्रिकची ठेवायची आणि वडिलांचा नकार प्रस्तावनेतून घ्यायचा. वाचायला कथा छान होते, पण ती कोणाचीच साक्ष राहत नाही. संशोधकाने येथे एवढेच करावे : दोन्ही सांगणी आपापल्या ठिकाणी ठेवावीत, कोणते कोणाचे आणि केव्हाचे ते लिहावे, आणि आपल्याला कोणते अधिक संभाव्य वाटते ते कारणासह सांगावे. बाबासाहेबांची आठवण तपशिलात चुकली असेल असे म्हणण्याने त्यांचा अवमान होत नाही. जो माणूस शब्दप्रामाण्य नाकारायला शिकवून गेला, त्याच्याच शब्दाला प्रामाण्य म्हणून डोक्यावर घेणे, हा त्याचा अवमान आहे.

३

'संदर्भ देणे ही विद्यापीठी उठाठेव आहे, आपल्या चळवळीला तिची गरज नाही,' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना मी बाबासाहेबांच्याच लेखनाकडे पाहायला सांगतो.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तो मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. निबंधाची मांडणी ध्यानात घेण्यासारखी आहे. ते आरंभी सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून वाचकांपुढे ठेवतात. मग आपल्या महाराष्ट्राच्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची व्याख्या घेतात. केतकरांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ चा. जातीचा विचार सुटी जात म्हणून न करता जातींच्या व्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय ते केतकरांना देतात. मग म्हणतात की, केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे बाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आधी दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला द्यायचे, मग त्याची चूक दाखवायची, आणि मगच आपला सिद्धांत मांडायचा. अस्पृश्य म्हणून शाळेत गोणपाटावर बसवलेला मुलगा एका ब्राह्मण पंडिताला त्याचे श्रेय चुकते करतो आहे. हा नैतिक वरचढपणा आहे. ज्यांनी आपले श्रेय शतकानुशतके चोरले, त्यांच्याहून मोठे होण्याचा हा मार्ग आहे.

१९३६ चे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून कचरले, आणि परिषदच झाली नाही. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले, आणि त्यासोबत मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही छापला. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका परिशिष्टात दिली आणि मग आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे चार ओळींत मोडून सांगणे त्यांना कठीण नव्हते. पण वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि स्वतः निवाडा करावा, हा त्यांचा आग्रह होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा. त्याला प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तीत आपले ग्रंथकाराशी अनेक ठिकाणी मतभेद असल्याचे कॅनन उघड सांगतात. असा मतभेद स्वतःच्या ग्रंथाच्या दारात उभा करायला छाती लागते.

आणि १९४६ चा 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ! तो महात्मा फुल्यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. संस्कृत येत नसताना या विषयात हात कसा घालता, असा आक्षेप येणार हे बाबासाहेबांना ठाऊक होते. त्यांनी ते लपवले नाही. आपण हे वाङ्मय इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासले, असे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आणि मग आपला अधिकार ठणकावून सांगितला. आता आपल्या एखाद्या प्रबंधाची संदर्भसूची काढून पाहा. ऋग्वेद, मनुस्मृती, शतपथ ब्राह्मण यांची नावे अशी येतात की, जणू संशोधकाने पोथ्याच उलगडल्या! प्रत्यक्षात त्याने ते अवतरण बाबासाहेबांच्याच ग्रंथातून घेतलेले असते. मग सरळ तसे लिहा ना : अमुक वचन, बाबासाहेबांच्या अमुक ग्रंथात उद्धृत. जे हातात धरून वाचले त्याचेच नाव घ्यावे, हा नियम बाबासाहेबांनी पाळला. आपणच तो मोडतो आणि वर पांडित्याचा आव आणतो.

४

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. इतका काटेकोर असलेल्या ग्रंथकाराच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये पाली ग्रंथांचे स्थळनिर्देश का नाहीत?

माझे मत असे की, तो ग्रंथ ज्या हेतूने लिहिला गेला तो हेतू वेगळा होता. त्याची मांडणी धर्मग्रंथासारखी आहे. खंड, भाग आणि क्रमांक घातलेली वचने अशी रचना आहे. विहारात बसून मोठ्याने वाचण्यासाठी तो आहे. शेतमजुराच्या झोपडीत वाचताना तळटिपा कोण वाचणार? पण हेतू समजून घेतला तरी त्याची किंमत मोजावी लागली, हेही मान्य केले पाहिजे. ग्रंथ निघाल्यावर बौद्ध जगतातूनच टीका झाली की, हा बुद्धाचा धम्म नसून आंबेडकरांचा आहे. तळटिपा असत्या तर निदान वाद वचनावचनावर झाला असता.

ही उणीव कोणी भरून काढली? भदंत आनंद कौसल्यायन यांनी. त्यांचा हिंदी अनुवाद १९६१ चा. अनुवाद करताना त्यांनी पाली वाङ्मयातील मूळ स्थळे शोधून काढली. हे काम किती कष्टाचे आहे, हे ज्याने एकदा तरी एखाद्या वचनाचा माग काढला आहे त्यालाच कळेल. पुढे अ‍ॅडेल फिस्क आणि क्रिस्टोफ एमरिख यांचा बाबासाहेबांनी पाली सुत्तांचा वापर कसा केला याचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. त्यात बाबासाहेबांनी काय घेतले, काय गाळले, कशावर भर दिला, हे मूळ सुत्तांशी ताडून दाखवले आहे. २०११ मध्ये ग्रंथाची टीपांसह चिकित्सक आवृत्तीही निघाली. या शोधातून बाबासाहेब लहान झाले का? मुळीच नाही. उलट, त्यांनी जाणीवपूर्वक निवड केली होती हे सिद्ध झाले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य-कोलियांचा तंटा पुढे आणला. मराठीत हा विचार धर्मानंद कोसंबींनी आधी मांडला होता. हा धागा दिसला की, बाबासाहेब एका वैचारिक परंपरेशी बोलत होते, हे कळते. संदर्भ शोधणे म्हणजे महापुरुषाची झडती घेणे, असे ज्यांना वाटते त्यांनी कौसल्यायनांकडे पाहावे. चीवर घातलेल्या भिक्खूने ही झडती श्रद्धेने घेतली.

आणि संदर्भाच्या नावाखाली राजकारण कसे होते, तेही आपण पाहिले आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड १९७९ पासून काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९८७ मध्ये चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' आले. राम आणि कृष्णावरच्या प्रकरणाने वादळ उठले, मोर्चे-प्रतिमोर्चे निघाले. अखेर १९८८ मध्ये तडजोड झाली. प्रकरण राहिले, पण त्यासोबत शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप आली. एका ओळीच्या टिपेसाठी लाखो माणसे रस्त्यावर उतरली! तेव्हा तळटीप ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

५

आता आपल्या रोजच्या तोंडातल्या वाक्याकडे येऊ. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' हे घोषवाक्य भिंतीभिंतीवर आहे. खाली बाबासाहेबांचे नाव असते. तारीख नसते. कोणी ते १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेशी जोडतो, कोणी जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेशी. नागपूरच्या भाषणाचा इंग्रजी मजकूर उघडला की दिसते, तेथे क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. संघटन शेवटी येते. मधला शब्द 'अ‍ॅजिटेट'. त्याचा अर्थ दगड उचलणे असा नाही. माणसाचे मन ढवळून काढणे, त्याला त्याच्या स्थितीची चीड आणून देणे, असा तो आहे. शिकलेल्या माणसाचे मन आधी पेटले पाहिजे, आणि अशा पेटलेल्या माणसांची संघटना झाली पाहिजे, हा तो क्रम. मराठीत येता येता क्रम उलटला आणि अर्थही बदलला. हेच तीन शब्द त्याच क्रमाने १८८० च्या दशकात इंग्लंडमधील सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन या समाजवादी संघटनेचे ब्रीद होते, ही गोष्टही आपल्या वक्त्यांपैकी किती जण सांगतात? सांगितल्याने बाबासाहेबांचे काही उणे होत नाही. जगातल्या कामगारांच्या लढ्याचे शब्द त्यांनी घेतले आणि अस्पृश्यांच्या लढ्यासाठी त्यांत नवा प्राण फुंकला. मूळ कोठले हे कळले म्हणजे त्यांनी केलेले काम केवढे, हे कळते.

अशीच एक चूक फुल्यांच्या बाबतीत होते. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित करून १९६९ मध्ये निघाले. तेव्हापासून प्रबंधांत 'फुले, १९६९' असे संदर्भ दिसू लागले. नव्या पिढीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलेही, "सर, फुले १९६९ मध्ये होते का?" मी हसलो नाही. चूक त्याची नव्हती. 'गुलामगिरी' १८७३ चे, हे वर्ष त्या संदर्भात कोठेच नव्हते. संग्रहातून घेतले असेल तर मूळ लेखनाचे वर्ष आणि संग्रहाचे वर्ष, दोन्ही द्यावीत. नाही तर गुलामगिरीवर घाव घालणारे पुस्तक कोणत्या काळात, किती एकाकीपणे लिहिले गेले, ते वाचकाला कळणार नाही.

६

आता सर्वांत कठीण प्रश्न. ज्यांचे कोणी लिहूनच ठेवले नाही, त्यांचा संदर्भ कसा द्यायचा?

मुक्ता साळवे या मातंग मुलीने फुल्यांच्या शाळेत शिकत असताना मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला, म्हणून आपल्याला तो आज वाचता येतो. मिशनऱ्यांच्या नियतकालिकाने तो छापला नसता तर? त्या काळात आणखी किती मुक्ता बोलल्या असतील आणि त्यांचे बोलणे वाऱ्यावर गेले असेल! आपल्या इतिहासाचे फार मोठे दप्तर माणसांच्या आठवणीत आहे, आणि उरलेले पत्र्याच्या पेट्यांत आहे.

अशा एका पेटीपाशी मी आणि ती विद्यार्थिनी त्या सहा महिन्यांत बसलो होतो. एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे काही अंक होते, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाबा नव्वदीला आलेले. पेटीची किल्ली त्यांनी कनवटीला लावलेली. आम्ही जयभीम केला, बसलो, हेतू सांगितला. बाबांनी किल्ली काढली नाही. म्हणाले, "मास्तर, याच्याआधी एक साहेब आले होते. गठ्ठाच घेऊन गेले. पुस्तक छापलं म्हणतात. अंक काही परत आले नाहीत. पुस्तकात आमचं नाव आहे का, तेवढं सांगा."

मी ते पुस्तक पाहिले होते. नाव नव्हते. अंकांचा संदर्भ होता, तारखेनिशी, पण ते कोणी तीन पावसाळ्यांच्या गळक्या छपराखाली जपले, याचा उल्लेख नव्हता. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे त्या संदर्भात काही चूक निघाली नसती. तरीही ती चोरीच होती. आम्ही बाबांना नाव देण्याचा शब्द दिला, अंक तेथेच बसून वाचले, फोनवर पानांची छायाचित्रे घेतली, आणि अंक जागच्या जागी ठेवले. तळटिपेत अंकाच्या तारखेनंतर 'खाजगी संग्रह' असे लिहून बाबांचे नाव आणि गाव घातले. एवढ्याने काही बिघडले नाही.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ चे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन गाठले, त्यांच्या तोंडून ऐकले, आणि त्यांच्या नावानिशी लिहिले. त्याआधीच्या इतिहासात या बाया 'महिलांचाही मोठा सहभाग होता' या एका वाक्यात कोंबल्या गेल्या होत्या. त्या पुस्तकाने त्यांना वाक्यातून बाहेर काढून माणसे केले. आमच्याकडे संशोधनात 'माहिती देणारी' असा एक शब्द आहे. माहिती तिची, नाव संशोधकाचे. जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याचा, त्यातलाच हा प्रकार.

पण नाव दिले म्हणजे काम संपले असे नाही. तोंडी साक्षही तपासावी लागते. कोण बोलले, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, विचारले कोणी, ध्वनिमुद्रण केले की आठवणीतून उतरवले, बोलणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, नाव छापायला संमती आहे की नाही, हे सारे लिहिले पाहिजे. आणि ते दुसऱ्या पुराव्याशी ताडले पाहिजे. कधी छापील पुरावा साक्ष खोडतो, कधी साक्ष छापील पुराव्याला खोडते.

माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत दुसरा प्रकार घडला. तिच्या प्रबंधात एका गावाविषयी लिहिले होते की, तेथील लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. आधार पुन्हा एका स्मरणिकेचा. दुरुस्त्या करताना ती त्या गावच्या एका आजीकडे गेली. आजी म्हणाली, "आमी नागपूरले नाई गेलो, बापू. चांद्याले गेलो. दसरा होऊन दोन दिस झाले होते." १९५६ चा दसरा १४ ऑक्टोबरला होता. चंद्रपूरची दीक्षा १६ ऑक्टोबरची. अक्षरओळख नसलेल्या बाईने तिथीच्या हिशेबाने छापील स्मरणिकेची चूक पकडली. गावातल्या आणखी दोघा-तिघांना विचारले, त्यांनीही चांदाच सांगितला. नागपूरचे नाव मोठे, म्हणून स्मरणिका लिहिणाऱ्याने सगळा गाव नागपूरला नेऊन बसवला होता. परीक्षकांनी त्या पानावर बोट ठेवले नव्हते. ते चुकीचे आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते फक्त आजीला ठाऊक होते.

७

तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे. शिक्षकांनी आपण स्वतः न पाहिलेला संदर्भ वर्गात सांगू नये, आणि सांगितलाच तर 'मी हे मूळ पाहिलेले नाही' असे सांगावे. विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या तळटिपा आपल्या म्हणून उतरवू नयेत. एकाची छापण्यातली चूक दहा प्रबंधांत जाते आणि दहा प्रबंधांमुळे ती खरी वाटू लागते. कार्यकर्त्यांनी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि चौदा ऑक्टोबरच्या नागपुरात विकली जाणारी पुस्तिका छापताना तिच्यावर वर्ष, गाव आणि छापणाऱ्याचे नाव घालावे. बाबासाहेबांचे वाक्य लिहिताना त्याखाली नावाबरोबर भाषणाची तारीख लिहावी. तारीख मिळत नसेल तर ते वाक्य बाबासाहेबांच्या तोंडी घालू नये. त्यांच्याजवळ स्वतःची वाक्ये पुष्कळ आहेत. आणि ज्यांच्या घरी जुने अंक, पत्रके, सभेचे फोटो असतील, त्यांनी त्यांची नक्कल गावातल्या वाचनालयात ठेवावी. मूळ कोणाकडे आहे हे तिच्यावर लिहावे.

आपल्याकडून पुरावा मागणारे नेहमीच सद्‌हेतूने मागत नाहीत, हे खरे आहे. ज्यांनी आपल्याला लिहू दिले नाही, तेच 'लेखी आधार दाखवा' म्हणतात, हेही खरे आहे. पण त्यांचा हेतू वाईट म्हणून आपला हलगर्जीपणा चांगला ठरत नाही. आपल्या माणसांनी जे सोसले आणि जे घडवले, ते कोणाला झटकून टाकता येऊ नये, एवढे पक्के करून ठेवणे हे आपले काम आहे. ते परीक्षकासाठी करायचे नाही. त्या आजीसाठी करायचे आहे.

दुरुस्त झालेल्या प्रबंधात केळुसकरांच्या प्रसंगाखाली आता लांबलचक तळटीप आहे, दोन्ही साक्षी देणारी. दीक्षेच्या पानावर आजीची तळटीप आहे : पूर्ण नाव, गाव, मुलाखतीची तारीख. विद्यार्थिनी प्रबंध घेऊन तिच्याकडे गेली आणि ते पान वाचून दाखवले. आजीने नावावर बोट ठेवायला लावले, आणि विचारले, "हे कोणी पुसणार तर नाई?"

आजीचे नाव मी येथे देत नाही. तिने ते त्या प्रबंधासाठी दिले आहे. या लेखासाठी मी तिला विचारलेले नाही.